पाठीवरचे छप्पर : वेळणेश्वरच्या किनाऱ्यावरून एकट्याच्या तंबूचा इतिहास

एकट्या पायी प्रवाशाचा हलका तंबू, म्हणजे एका माणसाला आडवे होता येईल एवढाच, त्यानेच पाठीवर वाहायचा आणि त्यानेच उभारायचा निवारा, ही वस्तू आज बाजारात नवी म्हणून विकली जात असली तरी तिच्यामागचा प्रश्न जुना आहे. तो प्रश्न कापडाचा किंवा खांबांचा नसून ओझ्याचा आहे. रात्रीचे छप्पर दिवसा कोणाच्या अंगावर असते, यावर त्या छपराचे आकारमान आणि वजन ठरत आले. हत्ती, उंट, बैल किंवा वेठीला धरलेला माणूस ते वाहत असेल तोवर तंबू वाढत गेला, आणि जो स्वतःचे ओझे स्वतः उचलत होता त्याचा निवारा आक्रसत आक्रसत अंगावरच्या वस्त्रात मिळून गेला. हा दुसरा, वस्त्रात मिळालेला निवारा कोकणाने शतकानुशतके वापरला असून आजच्या हलक्या तंबूची निवड समजून घेताना त्याच्याकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही.

रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यातील वेळणेश्वर हे गाव या विचारासाठी सोयीचे आहे. पश्चिमेला अर्धचंद्राकार पुळण, तिच्या काठाने नारळाच्या बागा, बागांना लागून वेळणेश्वराचे शिवमंदिर आणि पाठीशी जांभ्या दगडाचा सडा, अशी गावाची ठेवण आहे. वेळणेश्वर हे अनेक चित्पावन कुळांचे कुलदैवत असल्याने अठराव्या शतकात घाटावर गेलेली घराणी पिढ्यान्‌पिढ्या येथे परत येत राहिली, म्हणजे गाव लहान असले तरी प्रवाशाच्या येण्याजाण्याची त्याला सवय होती. उत्तरेला वाशिष्ठीच्या खाडीवर दाभोळ आणि धोपावे, दक्षिणेला शास्त्री नदीच्या मुखावर तवसाळ आणि जयगड, आणि या दोन खाड्यांच्या मधे गुहागर, पालशेत, वेळणेश्वर, हेदवी ही गावे, असा हा किनाऱ्याचा पट्टा आहे. अशा पट्ट्यात थंडीपासून जीव वाचवण्याचा प्रश्न उद्भवत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पडणारा आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत कोसळणारा पाऊस, समुद्रावरचा वारा आणि हवेतला दमटपणा ही येथील निवाऱ्याची खरी परीक्षा असते, आणि ती हिमालयासाठी किंवा आल्प्ससाठी बेतलेल्या तंबूंच्या परीक्षेहून वेगळी आहे.

या परीक्षेला उतरलेली जुनी वस्तू म्हणजे इरले. बांबूच्या कामट्यांच्या दोन विरळ जाळ्या, त्यांच्या मधे दाबून बसवलेली रुंद पाने आणि डोक्यापासून कमरेखालपर्यंत पाठ झाकणारा होडीसारखा बाक, असे त्याचे रूप असते. लावणीच्या वेळी वाकून काम करणाऱ्या माणसाच्या पाठीवर ते आपोआप छप्पर धरते आणि दोन्ही हात मोकळे राहतात. त्याची पुढची बाजू उघडी असल्याने आत घाम साचत नाही. पाणी बाहेर ठेवावे पण वाफ अडवू नये, हा जो पेच आजच्या तंबूकारांना अजून पूर्ण सुटलेला नाही, तो इरल्याने एक बाजू सोडून देऊन सोडवला होता. दुसरी वस्तू घोंगडी. कोकणातल्या दमट हवेत मेंढ्या टिकत नाहीत, त्यामुळे घोंगडी घाटावरून खाली येत असे. दख्खनी मेंढ्यांची लोकर धनगर कातीत, सणगर ती मागावर विणीत आणि चिंचोक्याची खळ देऊन तिचा पोत घट्ट करीत. घोंगडीची एक बाजू दुमडून डोक्यावर टोपीसारखी घेतली की तिची खोळ होते. हीच खोळ चालताना पावसाळी अंगरखा, बसताना आसन आणि रात्री अंथरूण-पांघरूण दोन्ही. लोकर ओलावा पोटात घेऊनही अंगाला गार लागत नाही हा तिचा गुण, आणि भिजल्यावर ती अतोनात जड होते हा तिचा दोष. कोरड्या घोंगडीचे वजन साधारण दोन-तीन किलो भरते. आजचा एकट्याचा तंबू एक किलोच्या आगेमागे असतो, पण तो अंगावर घेता येत नाही, हे तुलना करताना विसरले जाते.

जुन्या काळी पायी जाणारा माणूस छप्पर बरोबर का नेत नसे, याचे उत्तर मात्र केवळ घोंगडीत नाही, ते देवळांत आहे. मंदिराच्या ओवऱ्या, म्हणजे आवाराच्या भिंतीला लागून असलेल्या उघड्या पडव्या, धर्मशाळा, मठ आणि गावची चावडी यांचे जाळे इतके दाट होते की ज्याला तेथे प्रवेश होता त्याला तंबूची गरज क्वचितच पडे. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे निघाले आणि नेमके बंडाच्या धामधुमीत सापडले. त्यांनी लिहिलेला आणि चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘माझा प्रवास’ हा वृत्तांत वाचताना भिक्षुकाचा मुक्काम कसा ओळखीपाळखी, देवस्थाने आणि यजमान यांच्या आधाराने पुढे सरकत असे ते ध्यानात येते. पण ही सोय सर्वांची नव्हती. जातीमुळे ज्यांना ओवरीत पाय ठेवता येत नव्हता, त्यांच्यासाठी वाटेवरची रात्र वेगळी होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे याच रत्नागिरी जिल्ह्यातले. १९०१ मध्ये लहानपणी घरातल्या इतर मुलांसह वडिलांकडे जाताना मसूर स्टेशनावर उतरल्यावर त्यांच्या वाट्याला आलेली रात्र त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. बैल सोडून उतरत्या ठेवलेल्या गाडीच्या फळ्यांवर अंथरूण पसरून त्या मुलांनी ती काढली, आणि जवळ अन्न असूनही पाणी न मिळाल्याने ती उपाशीपोटीच काढावी लागली. तंबूच्या इतिहासात ही नोंद सहसा येत नाही. ती यायला हवी, कारण स्वतःचे छप्पर स्वतः वाहण्याची सक्ती कोणावर होती हे तिच्यातून दिसते. गावाबाहेर पाल टाकणाऱ्या भटक्या जमातींचेही तेच. पाल म्हणजे दोन उभ्या काठ्या, त्यांवर आडवी तिसरी आणि तिच्यावरून दोन्ही बाजूंना ओढलेले एकच कापड. आजच्या सर्वांत हलक्या निवाऱ्यांपैकी काहींची रचना याहून निराळी नाही.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला बादशाही छावणी होती. अबुल फजलच्या ‘ऐन-इ-अकबरी’त दिलेल्या हिशेबाप्रमाणे अकबराची एक छावणी हलवायला १०० हत्ती, ५०० उंट आणि ४०० गाड्या लागत, आणि तंबू उभारणाऱ्या फरासांची संख्या १००० होती. प्रवासात खोळंबा होऊ नये म्हणून तंबूंचे दोन संच ठेवीत. एक वापरात असताना दुसरा पुढच्या मुक्कामी जाई, त्याला पेशखाना म्हणत. औरंगजेबाच्या दख्खनच्या मोहिमेत ही व्यवस्था शहराएवढी फुगली. १६९५ मध्ये ती छावणी पाहणारा इटालियन प्रवासी जेमेली करेरी तिचा परिघ तीस मैल सांगतो. असा तंबू राज्याचे चिन्ह असतो, आणि चिन्ह असल्यामुळेच ते लक्ष्य ठरते. संताजी घोरपड्यांच्या तुकडीने तुळापूरच्या छावणीत घुसून बादशाही तंबूचे तणावे, म्हणजे ताण देणारे दोर, तोडले आणि वरचे सोन्याचे कळस कापून नेले, अशी कथा मराठी परंपरेत सांगितली जाते. तिचा तपशील कितीही वाढलेला असो, तणावा तुटला की तंबू गेला हे तिच्यातले यंत्रज्ञान अचूक आहे. मराठी फौजांचा वेग मात्र हलकेपणातून आला. शिवाजी महाराजांच्या काळात त्यांची माणसे किती थोड्या सामानानिशी हालतात याचा उल्लेख जॉन फ्रायरसारख्या इंग्रज प्रवाशानेही केला आहे. पुढे सत्ता वाढली तशी बिऱ्हाडेही वाढली, आणि १७६१ मध्ये पानिपतावर गेलेल्या सैन्याबरोबरच्या भरजरी डेऱ्यांची वर्णने इतिहासकारांनी टीकेच्या सुरात केली आहेत. पेशव्यांच्या पुण्यात तंबू, कनाती आणि बिछायती सांभाळणारे खाते फरासखाना म्हणून ओळखले जाई. आज त्या नावाची पुणेकरांना आठवण आहे ती पोलीस चौकीमुळे, हा काळाचा विनोदच म्हणायचा.

या लष्करी परंपरेचा एक धागा वारीत उरला आहे. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याला जे रूप दिले त्यात अंकलीच्या शितोळे सरकारांकडून घोडे आणि तंबू येण्याची चाल पडली, आणि दिंड्यांच्या राहुट्या आजही तळावर ओळीने लागतात. तेथेही राहुटी ट्रकमधून पुढे जाते; वारकऱ्याच्या खांद्यावर असते ती पताका.

इंग्रजी अमलात तंबूचे वजनच त्याचे नाव झाले. ‘ऐंशी पौंडी’ आणि ‘चाळीस पौंडी’ हे शब्द सरकारी भांडारात तंबूच्या प्रकारासाठी वापरले जात, कारण किती बैल किंवा किती माणसे लागतील याचा अंदाज वजनावरून बांधता येई. पावसाळा संपला की कलेक्टर आणि त्यांचे सहायक जिल्ह्याच्या दौऱ्यावर निघत आणि उन्हाळ्यापर्यंत कचेरी तंबूतच भरे. तंबूंचे उत्पादन कानपूरच्या गिरण्यांनी मोठ्या प्रमाणावर केलेच, पण जबलपूरला १८३० च्या दशकाच्या अखेरीस ठगांसाठी उघडलेल्या उद्योगशाळेतूनही तंबू आणि गालिचे बाहेर पडू लागले. वाटसरूंना वाटेत गाठून मारणाऱ्यांच्या हातून वाटसरूंचा निवारा शिवून घेतला जावा, यात राज्यकर्त्यांना काही विसंगती वाटली नसावी. रत्नागिरीसारख्या डोंगर आणि खाड्यांनी तुटलेल्या जिल्ह्यात चाकाच्या गाडीला फारसे रस्ते नव्हते, तेव्हा साहेबाचा डेरा पुष्कळदा माणसांच्या डोक्यावरून जाई. त्या कामाला वेठ म्हणत, आणि ज्याच्या डोक्यावर ऐंशी पौंडांचे, म्हणजे सुमारे छत्तीस किलोंचे, गाठोडे असे तो स्वतः रात्री घोंगडीत झोपे. ‘ताडपत्री’ हा शब्दही बहुधा याच काळातला दिसतो. डांबर लावलेल्या इंग्रजी ‘टार्पॉलिन’चे मराठी कानाने ताडाच्या पानाशी नाते जोडले, आणि नारळाच्या झावळ्या विणून केलेल्या झापांनी पडव्या शाकारणाऱ्या किनाऱ्याला ते नाते अगदी स्वाभाविक वाटले असेल.

तंबू पुन्हा हलका होण्याची प्रक्रिया युरोपात सुरू झाली ती गिर्यारोहकांमुळे, आणि तिचे कारण पुन्हा ओझे हेच होते. एडवर्ड व्हिम्परने १८६० च्या दशकाच्या आरंभी आल्प्ससाठी बनवलेला, दोन टोकांना कैचीसारख्या काठ्या असलेला तंबू सुमारे दहा किलोंचा होता आणि तो वाहायला हमाल लागे. अल्बर्ट ममरीने पुढच्या पिढीत रेशमी कापड वापरून आणि बर्फाच्या कुऱ्हाडींनाच खांब करून तो भार काही पौंडांवर आणला. चालताना हाती असलेले साधनच रात्री खांब व्हावे ही ममरीची युक्ती आज चालण्याच्या काठ्यांवर उभ्या राहणाऱ्या तंबूंत जशीच्या तशी आहे. ममरी १८९५ मध्ये नंगा पर्वतावर नाहीसा झाला. एकट्याच्या निवाऱ्याला चळवळीचे रूप दिले ते थॉमस हायरम होल्डिंग या लंडनच्या शिंप्याने. सायकलवर मावेल एवढा तंबू त्याने स्वतः बेतला, १९०१ मध्ये सायकलस्वार तंबूवाल्यांची संघटना काढली आणि १९०८ मध्ये त्या विषयावर मार्गदर्शक ग्रंथ लिहिला. हा शोध सेनापतीला न लागता शिंप्याला लागला, कारण हलका तंबू हा मुळात कापड बेतण्याचा प्रश्न आहे.

पुढचा बदल कापडातच झाला. १९३८ मध्ये जाहीर झालेल्या नायलॉनने सुताची जागा घेतली, ॲल्युमिनियमच्या पोकळ नळ्यांनी लाकडी खांबांची घेतली, आणि १९७० च्या दशकात एकमेकांना छेदणाऱ्या वाकवलेल्या नळ्यांवर उभा राहणारा घुमटी तंबू आला. कापडाचा बारीकपणा मोजण्याचे माप डेनिअर. ९००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन म्हणजे त्या धाग्याचे डेनिअर, त्यामुळे आकडा जितका लहान तितके कापड तलम. हलक्या तंबूंत दहा ते तीस डेनिअरचे, सिलिकोन मुरवलेले नायलॉन किंवा पॉलिएस्टर असते. त्याहून पुढची पायरी मात्र थेट समुद्रावरून आली. १९९२ च्या अमेरिकाज कप शर्यतीत जिंकलेल्या ‘अमेरिका क्यूब्ड’ या नौकेच्या शिडांसाठी वापरलेले, ताकदवान तंतूंची जाळी दोन पातळ पापुद्र्यांमधे दाबून बनवलेले कापड तंबूकारांनी उचलले; नौकेच्या नावावरून त्याला क्युबेन म्हणू लागले आणि २०१५ नंतर ते डायनीमा या नावाने विकले जाते. दाभोळपासून जयगडपर्यंतच्या किनाऱ्याला यात नवल वाटू नये. गलबताचे शीड आणि तंबू एकाच विद्येची दोन रूपे आहेत: पट्टे जोडून शिवणे, कोपरे दुहेरी करणे आणि वाऱ्याचा जोर कापडावरून दोरावर व दोरावरून खुंटावर उतरवणे.

महाराष्ट्रातील गिरिभ्रमणाने मात्र तंबू बराच काळ दूरच ठेवला. मुंबईत १९५४ मध्ये स्थापन झालेली ‘गिरिविहार’ ही संस्था आणि तिच्यानंतरचे संघ हिमालयाच्या मोहिमांना तंबू नेत, पण सह्याद्रीत मुक्कामाला गडावरची गुहा, पडझड झालेले देऊळ किंवा पायथ्याच्या गावातली शाळेची पडवी पुरे. गो. नी. दांडेकरांनी मराठी वाचकाला लावलेली दुर्गभ्रमणाची गोडीही अशाच मुक्कामांची आहे. दगडात कोरलेले छप्पर आणि त्याच्या शेजारी पाण्याचे टाके असताना कापडाचे ओझे वाहणे वेडेपणाचे ठरले असते. गडांवरची गर्दी वाढली, आणि लोक एकटे, आडवाटेने व किनाऱ्याने चालू लागले, तेव्हा या प्रदेशात एकट्याच्या तंबूला खरा अर्थ आला. किनाऱ्यावर अशी लेणी सहसा मिळत नाहीत.

ही सारी पूर्वपीठिका ध्यानी घेतली की वेळणेश्वरसारख्या ठिकाणी तंबू निवडताना परदेशी शिफारशी जशाच्या तशा का लागू पडत नाहीत हे उलगडते. तंबू मुख्यतः दोन जातींचे: एकेरी भिंतीचे, ज्यांत एकच जलरोधक कापड असते, आणि दुहेरी भिंतीचे, ज्यांत आत जाळीचा कप्पा आणि त्यावर अंतर ठेवून ताणलेले आच्छादन असते. एकेरी तंबू दोन-अडीचशे ग्रॅमने हलका पडतो. पण झोपलेला माणूस रात्रभरात श्वासातून आणि घामातून बरेच पाणी हवेत सोडतो, आणि दमट किनाऱ्यावर ते बाहेर न जाता कापडाच्या आतल्या अंगावर दवासारखे जमून टपकू लागते. थंड, कोरड्या डोंगरात वाचवलेले ते ग्रॅम येथे पहाटे अंथरूण भिजवून वसूल होतात. म्हणून येथे जाळीचा मोठा भाग, जमिनीपासून चार बोटे वर राहणारे आच्छादन आणि दोन्ही टोकांना उघडणारी दारे हे गुण वजनापेक्षा आधी पाहावे लागतात. इरल्याची उघडी बाजू ती हीच. जलरोधकतेचा आकडा मिलिमीटरमध्ये देतात, म्हणजे कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला तरी थेंब पाझरत नाही त्याचे माप. पण दीड हजार आणि तीन हजार यांतील फरकापेक्षा शिवणी नीट चिकटपट्टीने बंद केल्या आहेत की नाहीत याला आषाढात अधिक किंमत असते. नायलॉन ओले झाले की सैल पडते आणि रात्रीतून एकदा उठून तणावे ओढावे लागतात. पॉलिएस्टर तसे कमी करते, म्हणून थोडे जड असूनही पावसाळी किनाऱ्याला ते सोसते. क्युबेन पाणी पीत नाही आणि सैलही होत नाही, मात्र त्याची किंमत बहुतेकांच्या आवाक्याबाहेरची आहे.

शिवाय खाऱ्या हवेने नळ्यांचे सांधे आणि दारांच्या झिपा अडकू लागतात, म्हणून मुक्काम हलल्यावर सगळे गोड्या पाण्याने धुणे आवश्यक असते. तंबू भरतीरेषेच्या वर लावायचा हे सांगायला नको, पण नारळाखाली लावायचा नाही हे घाटावरच्या माणसाला सांगावे लागते.

सर्वांत मोठी अडचण पुळणीची. मातीत ठोकायच्या बारीक मेखा कोरड्या वाळूत धरत नाहीत, आणि काठ्यांवर उभा राहणारा हलका तंबू तर सर्वस्वी तणाव्यांवर विसंबून असल्याने एक मेख सुटली की पूर्ण खाली येतो; घुमटी तंबू नळ्यांच्या जोरावर निदान उभा राहतो, म्हणून वजनाने थोडा अधिक असूनही वाळूवर तोच सोयीचा पडतो. काठीचा तंबूच न्यायचा असेल तर मेख उभी ठोकण्याऐवजी आडवी पुरावी लागते: तणावा कातळातून पडलेल्या दगडाला, वाळू भरलेल्या कापडी पिशवीला किंवा हातभर लांबीच्या काटकीच्या मध्यावर बांधायचा, ती वस्तू तणाव्याच्या दिशेला काटकोनात कोपरभर खोल पुरायची आणि वरची वाळू पायाने दाबून ओली करायची. होडीचा नांगर तळाच्या वाळूत ज्या तत्त्वाने रुततो त्याच तत्त्वाने तो तणावा धरतो, आणि नारळीच्या बागेत हातभर लांबीची काटकी शोधायला लांब जावे लागत नाही.